मेहविशला गुण आला का

कामावरून आली की ललिता खोलीत शिरायच्या आधी मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची. तरी उंदरांचा वास जायचा नाही. तो ओढणीत बसायचा, केसांत बसायचा. बिरवाडीत एमआयडीसीतल्या लोकांनी भाड्यानं घेतलेल्या खोल्या पुष्कळ, आणि जो तो संध्याकाळी आपापल्या कंपनीचा वास घेऊन घरी यायचा, म्हणून तिला पाहून कुणी नाक मुरडत नसे. पण तिचं तिलाच नकोसं व्हायचं. पोलादपूरच्या पुढच्या बौद्धवाडीतली ती पहिली बी.एस्सी. झालेली मुलगी. तिचे वडील, श्रीपतगुरुजी, भेटेल त्याला ‘आमची ललिता औषधांच्या संशोधनात आहे’ असं सांगायचे. ते खोटं नव्हतं. फक्त त्या संशोधनात पिंजऱ्यातला भाताचा तूस बदलणं किती होतं, ते गुरुजींना ठाऊक नव्हतं.

तिची खोली अब्बासच्या घराच्या मागच्या अंगाला होती. अब्बासचा टेम्पो होता. महाडच्या बाजारातून माल भरायचा आणि कंपन्यांच्या कँटीनना पोचवायचा. त्याची बायको शगुफ्ता ललितापेक्षा थोडी मोठी. आणि त्यांची एकुलती एक मुलगी मेहविश, सहा वर्षांची.

मेहविश धावायची. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग घराला वळसा, मग परत ओटा. हाक मारली तर वळून बघायची नाही, आणि बोलायची तर मुळीच नाही. लहान होती तेव्हा ‘मा’, ‘पानी’ असे दोन-चार शब्द तिच्या तोंडात होते. ते एकेक करून कधी गेले, ते शगुफ्तालाही सांगता यायचं नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ असा शब्द सांगितला. औषध नाही म्हणाले. शिकवा, सांभाळा, धीर धरा.

धीर शगुफ्तानं धरला होता. स्वयंपाक करताना ती ओढणीचं एक टोक पोरीच्या मनगटाला आणि दुसरं आपल्या कमरेला बांधायची. एकदा ती नमाजाला उभी राहिली तेवढ्यात पोर टँकरच्या रस्त्यावर जाऊन पोचली होती. एका ड्रायव्हरनं उचलून आणून दिली, चार शिव्याही दिल्या. तेव्हापासून शगुफ्ताची झोप उडाली ती उडालीच. पडायची, डोळे मिटायची, पण कान कडीकडे असायचे. डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि बोलता बोलता वाक्य मध्येच सोडून द्यायची तिला सवय लागली होती.

ललिताची प्रयोगशाळा लहानशी होती. दुसऱ्यांच्या औषधांच्या चाचण्या करून द्यायची. १९९९च्या उन्हाळ्यात तिथं एक नवं काम आलं. सुहास सरांनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, फ्रीजमधल्या बारक्या बाटल्या दाखवल्या.

“सिक्रेटिन. कॉलेजात शिकली असशील.”

शिकली होती. आतड्यात तयार होणारं हॉर्मोन. जठरातलं अन्न पुढे सरकलं की ते रक्तात उतरतं आणि स्वादुपिंडाला पाचक रस सोडायला सांगतं. परीक्षेत तीन ओळींचं उत्तर होतं.

“हे उंदरांच्या पोटात टोचायचं आणि त्यांच्या हिंडण्याफिरण्यात, वागण्यात काय फरक पडतो ते बघायचं,” सर म्हणाले.

“पचनाच्या हॉर्मोनसाठी वागणं कशाला बघायचं, सर?”

“अमेरिकेत एका मुलाला पोटाच्या तपासणीसाठी हे दिलं, तर म्हणे तो बोलायला लागला. ऑटिझम होता त्याला. तिकडे आईबाप वेडे झालेत याच्यासाठी. इथल्या एका कंपनीला आता ते बनवायचंय. त्यांचंच काम आहे हे.”

ललिता बाटलीकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी ती घरी काही बोलली नाही. ओट्यावरून मेहविश धावत गेली, मागोमाग शगुफ्ता गेली, आणि ललितानं आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

काम कंटाळवाणं होतं. पांढरा रंग दिलेली एक मोठी उघडी पेटी, तिच्या तळावर रेघांचे चौकोन. उंदराला शेपटीशी धरून मध्ये सोडायचं आणि तो किती रेघा ओलांडतो, मागच्या पायांवर उभा राहून किती वेळा हुंगतो, मिशा किती वेळ साफ करतो, ते टिपायचं. अर्ध्या उंदरांना औषध टोचलेलं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त सुहास सरांना ठाऊक. बघणाऱ्याला कळलं की डोळे हवं ते बघतात, असं ते म्हणायचे. ललिताला ते सुरुवातीला जरा अति वाटलं. उंदीर हलला तर हलला, त्यात डोळ्यांनी काय फसवायचं? मग एकदा ती मनाशी म्हणाली, हा नक्की औषधाचा. किती सुस्त बसलाय बघ. आणि त्याच्यापुढे तिनं ‘मंद’ लिहून टाकलं. पुढे सरांनी उलगडून सांगितलं तेव्हा तो मिठाच्या पाण्याचा निघाला. सर रागावले नाहीत. “म्हणून तर,” एवढंच म्हणाले.

पण एकूण मोजणी झाली तेव्हा फरक खराच होता. औषधाचे उंदीर कमी हिंडत होते. नव्या जागी सोडलेला उंदीर आधी भिंतीकडेनं चाचपत जातो, मग धीर करून मध्ये येतो, उभा राहून हुंगतो. हे तसं करत नव्हते. कोपरा धरून बसायचे. श्वाससुद्धा सावकाश चालायचा. बोटानं ढोसलं तर दोन पावलं सरकायचे आणि पुन्हा बसायचे.

त्याच सुमारास कुवेतहून अब्बासच्या थोरल्या भावाचा, अनसचा, फोन आला. त्याच्या मालकाच्या घरात टीव्हीवर दाखवलं होतं. न बोलणारी मुलं एका इंजेक्शननं बोलायला लागली. नाव त्यानं लिहून घेतलं होतं, ते त्यानं फोनवर एकेक अक्षर करून सांगितलं. अब्बास तो कागद घेऊन थेट ललिताच्या दाराशी आला.

“ललिताताय, तुमी औषधांच्या लायनीत हाव. हे काय हाय ते ठावं हाय?”

ललितानं कागद वाचला. ठाऊक नाही म्हणता आलं असतं. दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून आले होते, आणि खोटं बोलून ते पुढे निभावत बसायचं त्राण तिच्यात नव्हतं.

“आमच्याकडे त्याचंच काम चाललंय,” ती म्हणाली. “उंदरांवर.”

अब्बास पायरीवर बसला. मागं शगुफ्ता उभी होती, पोरीचा हात घट्ट धरून.

“म्हंजे तुमच्या कंपनीत हाय? हितं? येक बाटली...”

“नाही, अब्बासभाई. ते मी आणणार नाही. ते उंदरांसाठी बनवलेलं आहे, माणसाला टोचायच्या लायकीचं आहे की नाही ते मलाच माहीत नाही. मेहविशला काही झालं तर?” मग ती थोडी थांबली. “आणि अजून एक आधीच सांगते. नंतर कळलं तर मला माफ करणार नाही तुम्ही. हे डुकराच्या आतड्यातून काढतात.”

मेहविश हात ओढत होती. शगुफ्तानं तिला सोडलं आणि ती घराला वळसा घालायला धावली.

“बरं केलंस सांगितलंस,” शगुफ्ता म्हणाली, आणि पोरीच्या मागं गेली.

अब्बासनं चार-पाच दिवस तो विषय काढला नाही. मग जुम्म्याच्या नमाजानंतर तो परत आला तो तसाच मागच्या दारी आला.

“मौलानांना इचारलं. ते बोलले, इलाज असंल नि दुसरं काय औषधच नसंल, तर मुभा हाय. पन गुण येतो याची खात्री पायजे. जानकार मानसानं तसं सांगितलं पायजे.” तो तिच्याकडे बघत राहिला. “आता आमच्या वळखीत जानकार मानूस कोन? तुमीच सांगा.”

“मी कसली जाणकार! मी उंदरांचं सांगू शकते, मुलांचं नाही.”

“मग उंदरांचं सांगा.”

ललितानं सांगितलं. कमी हिंडतात, कोपऱ्यात बसून राहतात, नवीन जागा हुंगत नाहीत.

अब्बासचा चेहरा उजळला. “म्हंजे शांत होतात!”

“शांत नाही हो. गप्प. आजारी उंदीरही तसाच बसतो.”

“पन धावत नाय.”

“धावत नाहीत. पण बरे झालेत म्हणून धावत नाहीत असं नाही ना ते. पाय बांधले तरी कुणी धावणार नाही.”

“तुमी शिकलेली मानसं येकेका गोष्टीचा कीस पाडता,” अब्बास म्हणाला, पण रागानं नाही. खूप दिवसांनी तो हलका दिसत होता. “आमाला येवडंच पायजे, ताय. येका जागी बसली तरी मी अल्लाचं शुक्र मानीन.”

“मी घ्या असं म्हणत नाहीये, अब्बासभाई.”

“घेऊ नका असंबी म्हनत नाय तुमी.”

मुलांच्या बाबतीत ‘नाही’ तरी तिनं कशाच्या आधारावर म्हणायचं? शगुफ्ता दाराच्या चौकटीला डोकं टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “जाऊ दे गो. त्यानला जाऊन येऊ दे. नायतर जन्मभर मनात राहील त्यांच्या.”

पावसाळा उलटल्यावर ते मुंबईला जाऊन आले. एका खासगी दवाखान्यात परदेशातून आणलेलं इंजेक्शन मेहविशला दिलं. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवड्यांच्या अंतरानं अजून दोन लागतील.

परत आल्यावर अब्बास दिसेल त्याला सांगत सुटला. येताना पोर पनवेलपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून होती. घरी आल्यावर माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. आणि परवा सकाळी मोरीजवळ उभी राहून चक्क ‘पानी’ म्हणाली. शेजारच्या येसूबाईनं ते ऐकून हात जोडले. अब्बास सांगायचा तेव्हा त्याचा आवाज भरून यायचा, आणि ऐकणाऱ्याचाही.

शगुफ्ता मात्र काही बोलत नव्हती. एक दिवस ललिता कपडे वाळत घालत होती तिथं आली आणि उगाच एक चिमटा हातात घेऊन उभी राहिली.

“मी तिथंच हुते, मोरीपाशी,” ती म्हणाली. “मला नाय ऐकू आलं.”

“तुमचं लक्ष नसेल, भाबी.”

“माजं लक्ष नसंल?” शगुफ्ता तिच्याकडे बघत राहिली. “सहा वरसं दुसरं काय केलंय गो मी? पन आता वाटतं, माजंच काय चुकत असंल. दमून दमून ऐकू यायचंच बंद झालं असंल. तू बघ. तुला बघायची सवय हाय. तू उंदरांकडं बघतेस तशी हिच्याकडं बघ नि मला सांग.”

“ती काय उंदीर आहे, भाबी?”

“नाय गो. पन दुसरं कोन नीट बघतंय तिच्याकडं? ह्यांना गुण आलेला दिसतो, मला दिसत नाय. तिसरं कोन तरी पायजे.”

म्हणून सुट्टीच्या दिवशी ललिता मेथीची जुडी घेऊन ओट्यावर बसली. पानं खुडत राहिली आणि मेहविशकडे बघत राहिली. पोर भिंतीला तळवा लावून धावत होती. भिंत संपली की क्षणभर थबकायची, हात हवेत तसाच, मग कोपऱ्यावरून वळायची. येसूबाईच्या घरात रेडिओ लागला तेव्हा कानांवर हात ठेवून खाली बसली. तहान लागली तेव्हा ललितापाशी आली, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत माठाकडे नेलं. ललितानं पेला भरला आणि तो हातातच धरून ठेवला. “पानी म्हण. पानी.” पोरीनं पेल्याकडे बघितलं. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. ललिताला वाटलं, म्हणाली! आता म्हणाली! आणि लगेच आपलाच राग आला. पोर काही म्हणाली नव्हती. ओठ कोरडे होते म्हणून तिनं ते चाटले होते. ललितानं पेला तिच्या हातात दिला.

संध्याकाळी तिनं शगुफ्ताला सांगितलं, “मला फरक दिसला नाही. पण एका दिवसावरून काय सांगायचं?”

शगुफ्तानं मान हलवली. विचारलं ते तिनंच होतं, तरी तिचा चेहरा पडायचा तो पडलाच.

डिसेंबरात, रमजानच्या दिवसांत, सुहास सर मुंबईहून मीटिंग करून आले आणि म्हणाले, काम बंद. तिकडे अमेरिकेत मुलांवर रीतसर चाचणी झाली होती. अर्ध्यांना सिक्रेटिन, अर्ध्यांना मिठाचं पाणी, आणि आईबापांना कुणाला काय ते सांगितलंच नव्हतं.

“दोन्हीकडे आईबाप म्हणाले, मूल सुधारलंय,” सर म्हणाले. “दोन्हीकडे सारखंच. औषधाचा वेगळा गुण काही नाही.” चष्मा काढून ते तो पुसत राहिले. “आणि माहीत आहे, हे सांगितल्यावरसुद्धा त्यातले पुष्कळ आईबाप म्हणाले, आम्हाला ते औषध अजून हवंच आहे.”

उरलेल्या उंदरांचं काय करायचं ते विचारायची गरज नव्हती. ते कामही ललिताचंच होतं. तिनं ते एकामागून एक केलं, पिंजरे धुतले, तूस पोत्यात भरला. घरी येताना तिला वाटत होतं, आज नको, उद्या सांगू. उद्या शुक्रवार आहे, मग परवा. पण नळावर हात धुताना शगुफ्ता समोरच उभी होती, रोज्याच्या थकव्यानं भिंतीला टेकलेली, ओढणीचं टोक कमरेला बांधलेलं. ललितानं तिथंच सगळं सांगून टाकलं.

शगुफ्तानं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे खारं पानी टोचलं असतं तरी येवडंच झालं असतं?”

“हो.”

“आनि त्या पोरांच्या आयांनाबी फरक दिसला?”

“दिसला. त्यांना खरंच दिसला. खोटं कुणी बोलत नव्हतं.”

शगुफ्ताच्या तोंडून एक हुंदक्यासारखा आवाज आला. ललिताला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. हसता हसता तिनं डोळे पुसले. “मग मला दे गो त्या खाऱ्या पान्याचं येक इंजेक्शन. झोप तरी लागंल.”

अब्बासला मात्र ते पचलं नाही. “माज्या कानानं ऐकलं मी,” तो म्हणाला. पुढच्या इंजेक्शनची तारीख ठरलेली होती. “पोरीनं पानी मागितलं. ते काय खारं पानी बोललं काय?”

“तुम्ही ऐकलं असेल,” ललिता म्हणाली. “मी भांडत नाही. पण तुम्ही मला जाणकार म्हणून विचारलं होतं. गुण येतो का? आता मला सांगता येतं. नाही येत.”

अब्बास टेम्पोची किल्ली उचलून निघून गेला. नंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाणी गेलं, लाईट गेली तरी निरोप शगुफ्ताकडून यायचा. मुंबईची तारीख आली आणि गेली. तो गेला नाही. जाणार नाही असंही त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी तो पोलादपूरला माल टाकायला गेला आणि तिथंच काही ना काही करत दिवेलागणीपर्यंत थांबला.

पुढच्या सुट्टीला दुपारी ललिता स्वतःहून पुढच्या दारी गेली.

“भाबी, आज तुम्ही झोपा. मी हिला घेऊन जाते.”

“तुला आवरायची नाय ती.”

“बघू. मेथी निवडण्यापेक्षा बरं.”

भात कापून शेतं मोकळी झाली होती. बिरवाडीच्या मागं नुसते बांध आणि खुंट, टँकरचा रस्ता तिथून दूर. ललितानं मेहविशचा हात सोडला. पोरीनं आधी इकडेतिकडे बघितलं, कुठं भिंत दिसेना. मग तिनं बांध धरला आणि त्याच्या कडेकडेनं धावत सुटली. ललिता मागं. खुंट टोचत होते, आदल्या दिवसाच्या कामानं कंबर दुखत होती. एक खाचर झालं, दुसरं झालं. पोर बांधाच्या टोकाला पोचली की थांबायची, आणि ललिता धापा टाकत तिथपर्यंत आली की पुढचा बांध धरायची. आपण यायची ती वाट बघते की काय, असं ललिताच्या मनात आलं. मग तिनं तो विचार बाजूला ठेवला. वाट बघत असेल किंवा नसेल. कोपरा आला की ती तशीही थबकायचीच.

उन्हं उतरल्यावर त्या परतल्या तेव्हा अब्बास घरी आला होता. शगुफ्ता पडवीत चटईवर झोपली होती, अगदी गाढ, तोंड अर्धवट उघडं. अब्बासनं ओठांवर बोट ठेवलं. रोजा सोडायला ताटलीत खजूर त्यानंच मांडले होते, पपई त्यानंच चिरली होती, ओबडधोबड.

“बांग व्हायला येळ हाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “निजू दे तिला.” मग जरा वेळानं, तिच्याकडे न बघता, “कुठं नेलं हुतं?”

“मागच्या शेतात.”

“दमली?”

“ती नाही. मी दमले.”

अब्बास किंचित हसला आणि ओट्यावर बसायला त्यानं थोडी जागा करून दिली. मेहविश तोवर घराला वळसा घालायला निघाली होती. ललिता उठायला लागली तसं त्यानं तिला हातानं थांबवलं, खजुरांची ताटली तिच्याकडे दिली, पायांत चपला सरकवल्या आणि पोरीच्या मागं गेला.